दोन ठोके, मग एक

मी सिनेमा डोळे मिटून बघतो. शेजारच्या खुर्चीवरच्याला वाटतं, म्हातारा झोपला. झोपलो असतो तर बरं झालं असतं. मी चोर शोधत असतो. पडद्यावर नायिका विहिरीवर पाणी भरते आणि इकडे मी मनात म्हणतो, हा मागचा कावळा कुठला? माझ्या कपाटातला तर नव्हे? बायकोने माझ्याबरोबर सिनेमाला येणं केव्हाच सोडलं. तिचं म्हणणं, "तुम्हाला देवळातल्या घंटेचासुद्धा संशय येतो." येतो. खोटं कशाला बोलू?

या अंकाच्या संपादकबाईंनी विचारलं, की सगळ्या सिनेमांची गोष्ट शेवटी तीच ती असते, मग एखादा सिनेमा अस्सल कशाने होतो, ते तुमच्या धंद्यातून सांगा. म्हटलं, बाई, विचारताय कोणाला? एक अस्सल आवाज माझ्या कानावरून गेला, मी तो चोरीचा ठरवला, आणि त्यापायी एका मित्राची नोकरी घालवली. हे छापणार असाल तर लिहितो. त्या म्हणाल्या, लिहा. तेव्हा आता वाचा.

आधी धंदा सांगतो, कारण लोकांना वाटतं सिनेमातला आवाज कॅमेऱ्यातच येतो. अहो, कुठला! त्या काळी बाहेर शूटिंग करताना कॅमेराच एवढा घरघरायचा की तिथला आवाज फेकूनच द्यावा लागे. मग सगळं नंतर चिकटवायचं. बोलणं नट मंडळी स्टुडिओत परत बोलायची. पावलं, बांगड्या, दाराच्या कड्या हे आमच्यातले काही जण माइकसमोर वाजवायचे. आणि पाऊस, बाजार, समुद्र, गुरंढोरं हे सगळं आमच्या कपाटातून जायचं. आमचं कपाट म्हणजे वसईजवळ सातिवलीतली एक पत्र्याची शेड. तिथे आमच्या मालकांनी, म्हणजे अण्णांनी, आवाजांच्या टेपांचे डबे रचून ठेवलेले. डब्यावर चिठ्ठी: 'पाऊस, मध्यम'. 'कावळे, सकाळचे'. 'रडणं, बायका, लांबून'. ज्याला जे पाहिजे ते त्याने भाड्याने न्यावं.

शेडमध्ये माणसं दोन. एक मी, निर्मळ गावच्या बागाईतदाराचा मुलगा, सगळे नाना म्हणत. दुसरा इनास, गास गावचा ख्रिस्ती मुलगा, माझ्याच वयाचा. दोघांनी मिळून वसईतला आवाज न् आवाज टेपवर चढवला होता. आणि गंमत बघा, आवाजांचं हे दुकान होतं डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून! दिवसभर धाडधाड. टेप ऐकायची तर त्यांची मशिनं बंद झाल्यावर, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत. तेवढ्या अर्ध्या तासात एका हातात भाकरी धरून जे ऐकायचं ते ऐकायचं आणि निकाल द्यायचा. हा अर्धा तास लक्षात ठेवा.

माझ्या कानाचा तेव्हा दबदबा होता, सांगायला लाज कसली? पाचूबंदरला मासळीच्या लिलावाचा आवाज घ्यायला गेलो होतो, तिथे एक कुत्रा फार सुंदर भुंकला. घेतला. तो कुत्रा पुढे किती सिनेमांत भुंकला याला गणती नाही. शहरात भुंकला, डाकूंच्या दरीत भुंकला, एकदा तर बर्फात भुंकला. वर्षभराने एक कोळीण टोपली घेऊन थेट सातिवलीला हजर. "माज्या मोत्याचा आवाज तुमी पिच्चरमदी घातलाव." मी म्हटलं, "मावशी, कुत्रे सगळे सारखेच भुंकतात." तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मना शिकवू नको. त्याला रोज पानी मीच पाजतंय." बाई शंभर टक्के बरोबर होती. अण्णांनी तिची माफी मागितली, तिने आम्हाला बोंबील दिले. इनास तर पोट धरधरून हसला. मी मात्र त्या दिवशी एक भलताच धडा घेतला. आपल्या घरचा आवाज माणूस कुठेही ओळखतो, त्यात चूक होतच नाही, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मग एक दिग्दर्शक आला. बारीक अंगाचा, सुती झब्बा, बोलताना समोरच्याकडे न बघता छताकडे बघणार. मला पहिल्याच भेटीत संशय आला की हा भाडं बुडवणार. आम्ही त्याला सर म्हणायचो. त्याच्या सिनेमाची गोष्ट ऐकली आणि मी इनासकडे बघून डोळा मारला. मोठा भाऊ बाग विकायला निघतो, धाकटा अडवतो, आई मध्ये भरडली जाते. झालं! मी म्हटलं, "सर, हे तर दर वर्षी दोन-तीनदा येतं."

"येऊ दे की," ते छताला म्हणाले. "गोष्ट कोणाचीही असू दे, नाना. हवा माझी पाहिजे. तुमच्या कपाटातला एकही आवाज मला नको. एकाच बागेत जा. तिथलाच कावळा, तिथलंच पाणी, तिथलाच रहाट. दुसऱ्या कोणत्या सिनेमात तो ऐकू येता कामा नये."

अण्णांनी शब्द दिला. मी म्हटलं, बाग माझ्याच घरची आहे की.

रहाट हल्ली कोणी पाहिलेला नसतो म्हणून सांगतो. विहिरीवर लाकडाचं मोठं चाक, त्यावर मडक्यांची माळ. हाल्या, म्हणजे रेडा, डोळ्यांना झापडं बांधून गोल फिरतो, मडकी भरून वर येतात आणि पाटात ओततात. आता बागाईतदार काय हाल्यामागे दिवसभर फिरत बसत नाही, तो लांब केळीत दारं मोडत असतो, पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवत असतो. मग हाल्या चालतोय की उभा राहून रवंथ करतोय हे त्याला कळणार कसं? म्हणून चाकाला एक फळी आणि काही खुंट्या लावलेल्या असत. फेऱ्याला ठोका पडायचा. ठोका थांबला की केळीतूनच हाक मारायची. आमच्या रहाटाचा ठोका असा होता: टक टक, मग जरा थांबून, टक. दोन ठोके, मग एक. शेजारच्या बागेचा सरळ एकेक. पलीकडच्यांचे तीन सलग. पाळण्यात असल्यापासून मी ते ऐकत आलो. दोन आणि एक म्हणजे आम्ही.

तीन दिवस मी त्या रहाटापुढे बसलो. आवाज कसा साफ हवा! कावळे हाकलले. आईला भांडी घासू दिली नाहीत. बाबांना सवय होती हाल्याशी बोलायची, जिभेने चुक-चुक करत त्याला काहीबाही सांगत राहायचे. त्यांनाही गप्प केलं. म्हटलं, "बाबा, तुमचा आवाज नको, रहाटाचा पाहिजे." बिचारे तोंडावर हात ठेवून तीन दिवस केळीत उभे राहिले.

टेप सरांना ऐकवली, जेवणाच्या सुट्टीत. इनास मान डोलावत होता. सरांनी शेवटपर्यंत ऐकली, मग म्हणाले, "फार स्वच्छ झालंय. बागेत कोणी नाही का?"

मला राग आला, पण मी गिळला. इनासकडे पाहिलं तर तो हसला. साधंच हसला असेल. मला ते झोंबलं, कारण महिनाभरापूर्वी त्याच्या एका टेपची याच सरांनी वाहवा केली होती. तेव्हापासून इनासवर माझी नजर होती. कपाटाची किल्ली दोघांकडे असायची. रविवारी तो मशीन घरी न्यायचा, अण्णांची हरकत नसे. स्वतःची टेप आणा आणि बाहेरचं काम करा, फक्त कपाटाला हात लावायचा नाही, एवढाच नियम. पण मी मोजू लागलो की सोमवारी कुठला डबा सरकलाय. माणसाला एकदा ही खोड लागली की डबे सरकलेले दिसतातच.

सरांचा सिनेमा अजून पुरा व्हायचा होता, तेवढ्यात एक मोठ्या नटांचा मसाला सिनेमा वसईत लागला. सर पहिला खेळ बघून तरातरा सातिवलीत आले. या खेपेला छताकडे नाही, सरळ माझ्याकडे बघत होते. "माझा रहाट त्यांच्या सिनेमात आहे."

मी दुपारच्या खेळाला गेलो. डोळे मिटले. मध्यंतराच्या आधी नायक गावी परततो आणि मागे वाजतं: टक टक... टक.  आमची विहीर! खुर्चीतून उठलो तो थेट बाहेर. तो तुकडा पुरता संपेपर्यंतसुद्धा बसलो नाही. त्या सिनेमाला आवाज कोणी पुरवले होते? रविवारच्या कामात, इनासने.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चौघे शेडमध्ये उभे होतो. सर, अण्णा, मी आणि इनास. भिंतीपलीकडची मशिनं थांबली होती.

"मावशीचा रहाट आहे तो," इनास म्हणाला. "गासचा. मी स्वतः घेतला."

"चला, जाऊन बघू या," अण्णा म्हणाले.

"तो काढला अण्णा, मे महिन्यात. पंप बसवला. काढायच्या आदल्या रविवारी मी शेवटचा घेतला. टेप त्या सिनेमावाल्यांकडेच आहे."

"काय सोयीचं आहे!" हे मी म्हणालो. आजही मला माझा तो स्वर ऐकू येतो. टेपवर नाही, तरी.

अण्णा माझ्याकडे वळले. भला माणूस, त्यांना इनासला काढायचं नव्हतं. म्हणाले, "नाना, तुझा कान सांगेल ते मी मानीन. खात्री आहे?"

"अण्णा, दोन आणि एक असा ठोका आमच्याशिवाय कोणाकडे नाही. लहानपणापासून ऐकतोय."

इनास माझ्याजवळ आला. आवाज चढवला नाही त्याने. "परत एकदा जा नाना. ठोक्याच्या मागे ऐक."

"तू मला ऐकायला शिकवणार?"

इनासने किल्ली डब्यांवर ठेवली, सायकल काढली आणि गेला. पलीकडे मशिनं सुरू झाली. अर्धा तास संपला होता.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना जीव रमत नाही. सरांनी आपल्या सिनेमातून रहाट काढूनच टाकला, म्हणाले उष्टा आवाज नको. त्यांचा सिनेमा आला तसा गेला. टेप महाग असायची, त्यामुळे वापर संपला की ती पुसून त्यावर दुसरं घ्यायचं ही आमच्याकडची रीत. अण्णांनी आमच्या रहाटाची टेप पुसायला सांगितली आणि ती मीच पुसली. त्यावर लग्नाच्या पंगतीचा गलका घेतला. इनासला या धंद्यात परत कोणी उभं केलं नाही. 'कपाटातलं विकतो' हे एवढे दोन शब्द सगळ्या स्टुडिओंत पोचायला आठवडासुद्धा लागला नाही. तो मावशीच्या बागेत गजऱ्याला लागणारी कागड्याची फुलं काढू लागला. रस्त्यात दिसला की मी सायकल दुसऱ्या आळीत घालायचो. चोराचं तोंड बघायचं नाही, असं स्वतःला सांगायचो.

काही वर्षं गेली. बाबा गेले. आमच्याकडेही पंप आला आणि रहाट उतरवायला जानूकाका सुतार आले. आसपासच्या गावांतले बहुतेक रहाट त्यांच्याच हातचे. ते चाक सोडवत होते, मी जवळ उभा होतो. म्हटलं, "काका, ती ठोक्याची फळी मला द्या. असा ठोका दुसरीकडे नाही."

जानूकाकांनी पटाशी खाली ठेवली आणि खो खो हसले. "कोण म्हणतो नाही?"

"म्हणजे?"

"अरे ठोके मीच बसवायचो ना! शेजारच्या बागेपेक्षा वेगळा झाला म्हणजे झालं, एवढाच हिशोब. कानाच्या टप्प्यात दोन सारखे नकोत, नाहीतर कोणाचा हाल्या थांबला ते कळायचं नाही. पण मी नवेनवे ठोके आणू कुठून? चार-पाच प्रकार होते. तेच लांब लांब फिरवायचो."

मी विचारलं, "दोन आणि एक अजून कुठे होता?"

त्यांना आठवावंसुद्धा लागलं नाही. "तुमच्याकडे, आणि गासला. त्या इनासच्या मावशीकडे. तिच्याकडचा तर तुमच्याआधी बसवलेला."

मी तिथेच विहिरीच्या काठावर बसलो. जानूकाकांना वाटलं, बापाच्या आठवणीने पोराला भरून आलं. 

तोवर गावोगाव व्हिडिओच्या लायब्रऱ्या निघाल्या होत्या. तो मसाला सिनेमा शोधला, कॅसेट घरी आणली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि त्या जागेवर आलो. टक टक... टक. एकदा ऐकलं. मग इनासने सांगितलं होतं तसं ठोक्याच्या मागे ऐकलं. तिथे एक बाई होती. लांब, केळीत कुठेतरी. ठोका जरासा रेंगाळला की ती हाक मारायची, "चल रे राजा, चल." तिकडच्या ख्रिस्ती घरांत बोलतात तशा हेलात. हाल्याचं नाव राजा. तिच्या हाकेसरशी ठोका परत चालू. मग पाटाचं पाणी, मग एक कोंबडी, मग पुन्हा ती. आमच्या टेपवर कोणीच नव्हतं. मी कोणाला ठेवलंच नव्हतं. बाबांची चुक-चुक मी माझ्या हाताने थांबवली होती, आणि ती आता जगात कुठेच नाही.

त्या अर्ध्या मिनिटापुरता तो भिकार सिनेमा खरा होता, अहो! नायक खोटा, आई खोटी, गाव पुठ्ठ्याचं. पण मागे एक बाई खरोखर हाल्याला हाक मारत होती. सर 'बागेत कोणी नाही का' म्हणाले त्याचा अर्थ मला तेव्हा लागला. एकमेव ठोका शोधत बसलो मी, आणि तसला ठोका कोणाकडेच नसतो. सुताराकडे चार-पाचच असतात, गोष्टी लिहिणाऱ्यांकडेही बहुधा तेवढ्याच. त्यावर फिरणारा हाल्या कोणाचा आणि त्याला हाक कोण मारतंय, तेवढंच काय ते आपलं असतं. संपादकबाई, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर हे. फार मोठं नाही.

तेवढा तुकडा साध्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला आणि सायकलने गासला गेलो. टळटळीत दुपार होती. इनास ओसरीवर बसून कागड्याच्या कळ्या केळीच्या पानात बांधत होता. मला बघून उठला नाही. मी टेपरेकॉर्डर ओसरीवर ठेवला आणि बटण दाबलं.

टक टक... टक. "चल रे राजा, चल."

त्याचे हात थांबले. मावशीला जाऊन दोन वर्षं झाली होती, हे मला नंतर कळलं. तो आवाज संपेपर्यंत तो पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "परत लाव."

परत लावलं. तिसऱ्यांदा त्यानेच लावलं.

मी म्हटलं, "चुकलो रे इनास. जानूकाकांनी सांगितलं सगळं. मी अण्णांकडे जातो, सरांना शोधतो, सगळ्या स्टुडिओंत सांगतो..."

"आता कशाला? शेड तरी राहिलीय का?"

नव्हती राहिली. अण्णांनी ती त्या झाकणवाल्यांनाच देऊन टाकली होती.

"मी वाईटपणाने नाही रे बोललो तेव्हा," मी म्हटलं. हे अर्धंच खरं होतं आणि ते त्यालाही माहीत होतं. "मला खरंच वाटलं की..."

"माहीत आहे." त्याने पानाला गाठ मारली. "तुझा कान सगळे मानायचे, नाना. मीसुद्धा. म्हणून तर दुसऱ्यांदा कोणी ऐकलं नाही."

मी निघायला उठलो, टेपरेकॉर्डर उचलला. तो म्हणाला, "कॅसेट ठेव."

खरं सांगतो, माझा हात आखडला. आमचा रहाट चुलीत गेला होता. आमची टेप पंगतीच्या गलक्याखाली गेली होती. माझ्या घरचा तो ठोका आता उरला होता तो एवढाच, आणि तोही त्याच्या मावशीचा. मी कॅसेट काढून त्याच्या हातावर ठेवली. दुसरी प्रत करून घ्यायला लायब्ररीत गेलो, तर तिथली सिनेमाची कॅसेट कोणीतरी परतच केली नव्हती, आणि पुढे लायब्ररीही बंद पडली.

तेव्हापासून ठोका ऐकावासा वाटला की मी गासला जातो. वर्षातून दोन-तीनदा तरी जातो. इनास काही विचारत नाही, आत जाऊन कॅसेट आणतो आणि लावतो. आम्ही दोघं ओसरीवर बसून पुरती ऐकतो, एकदा नाही, दोनदा. मग मी सायकल काढतो. चहाचं मात्र तो अजून विचारत नाही.